जाळीमागचा माणूस

तो माणूस तिसऱ्यांदा आला आणि जाळीमागच्या त्याच फळीवर बसला, तेव्हा मर्ल स्टकी मैदानाकडेच्या टपरीआड सरकला.

करडी टोपी, मांडीवर वही, हातात स्टॉपवॉच. बाहेर उभ्या गाडीच्या काचेवर कॉलेज-बेसबॉल मंडळाची पट्टी चिकटवलेली. मर्ल ती तीनदा जाऊन वाचून आला होता.

"तोच का रे?" खाण्याच्या टपरीतून लुएलानं विचारलं. लुएला मर्लची थोरली बहीण. गावातल्या प्रत्येक सामन्याला सॉसेज-पाव तिच्याच हातचा.

"तोच. हळू बोल."

"मग जाऊन विचार ना, बाबा रे, कुणाला बघायला आलायस?"

"खुळी की काय तू? कॉलेजच्या माणसाशी पोराच्या बापानं बोलायचं नसतं. कोचनं बजावलंय. बाप चिकट निघाला की पोराच्या नावावर काट."

"बरं. पण तिथून त्याला दिसतं काय? मला तर ऑर्व्हलचं बूड तेवढं दिसतंय."

हे मात्र खरं होतं. मर्लचा पोरगा रॉईस कॅचर. फलंदाजामागं उकिडवं बसून चेंडू झेलायचा. आणि त्याच्या डोक्यामागं अंपायर ऑर्व्हल डेंगलर उभा. ऑर्व्हल उभा राहिला की धान्याच्या कोठाराचं दार लावल्यासारखं व्हायचं.

कॅन्ससच्या या टोकाला खेळाडू हेरायला असं कुणी येतच नाही. इथला वारा असा, की पश्चिमेला मारलेला चेंडू पूर्वेच्या गव्हात सापडतो. शाळेच्या संघात पोरं अकरा, त्यातल्या दोघांना चेंडूची भीती. तरी मर्लनं दोन वर्षांत रॉईसच्या खेळाच्या ब्याण्णव कॅसेटी कॉलेजांना धाडल्या. उत्तरं आली तीन. एक छापील नकार. एक दुसऱ्याच पोराच्या नावानं. आणि एक कॅसेट परत आली, तिच्यावर कुणीतरी स्वयंपाकाचा कार्यक्रम भरून घेतलेला.

पाकिटं ऑर्व्हलच न्यायचा. अंपायरगिरी संध्याकाळची, दिवसा तो गावचा पोस्टमन.

"आपल्याकडं कोण बघतं, मर्ल?" तो एकदा म्हणाला होता. "मी सहा वर्षं लिहितोय. अजून पोच नाही."

मर्लचं लक्ष तिकिटं चिकटवण्यात होतं.

आज रॉईसचा शाळेतला शेवटचा सामना. कॉलेजनं खेळासाठी घेतलं नाही, तर उद्यापासून मांसाचा कारखाना, बापाच्या शेजारची जागा, बापाच्या हातातली तीच सुरी. सेहेचाळिसाव्या वर्षी मर्लची बोटं सरळ होत नव्हती. पोराची होऊ नयेत तशी, एवढंच त्याचं मागणं.

"बाबा," रॉईस कोपराला पट्टी गुंडाळत म्हणाला, "आज मला कॅचर नको, तिसऱ्या बेसवर ठेवा म्हणून सांगा ना कोचना. कोपर पेटलंय."

"आज? अरे, तो आलाय."

"दोनदा आला. बोलला काय?"

"वहीत लिहितोय ना."

"काय लिहितोय?"

मर्लनं टाचा उंचावून लांबूनच वहीत डोकावायचा प्रयत्न केला. रॉईसनं त्याच्याकडं बघितलं, आजारी माणसाकडं बघावं तसं.

"ठीक आहे," तो म्हणाला आणि मुखवटा चढवला.

मर्ल तडक ऑर्व्हलकडं गेला. ऑर्व्हल ब्रशनं फलंदाजाच्या जागेवरची, जमिनीत बसवलेली प्लेट झाडत होता.

"ऑर्व्हल, एक उपकार कर. पोराच्या डोक्यामागं ताठ उभा राहू नकोस. फलंदाजाच्या बाजूला जरा सरक, आणि वाक. जाळीमागून पोरगा दिसला पाहिजे."

"दोन तास वाकून? कंबर जागेवर राहील का माझी?"

"शेवटचा सामना आहे रे."

ऑर्व्हलनं रॉईसच्या कोपराकडं नजर टाकली. "बरं. तुझ्या पोरासाठी."

पहिल्याच डावात जाळीमागचा माणूस सावरून बसला. त्यानं पान उलटलं आणि भराभरा लिहायला घेतलं. मर्लनं लुएलाचा दंड धरला.

"बघितलंस?"

"सोड, मोहरी सांडली. आणि आता तर आपली पोरं फलंदाजी करतायत. रॉईस बाकावर बसलाय. तरी लिहितोय तो."

"समोरच्या कॅचरशी तुलना करत असणार."

डाव बदलताना स्टॉपवॉचचं बटण वाजायचं. तेही मर्लनं पोराच्या खात्यात धरलं.

समोरचा संघ धावत सुटला होता. त्यांचा गडी दुसऱ्या बेसकडं पळाला की रॉईस उठायचा आणि त्याला बाद करायला तिकडं चेंडू फेकायचा. सहा वेळा फेकला. प्रत्येक फेकीला चेहरा आणखी पांढरा. मग तो बापाकडं बघायचा, आणि बाप मूठ वर करायचा.

सातव्या डावात त्यानं फेकला, तेव्हा वाळकी फांदी मोडावी तसा आवाज टपरीपर्यंत आला. चेंडू पोचला. गडी बाद झाला. रॉईसचा हात मात्र लोंबत राहिला.

लुएलानं फळी लावून टपरी बंद केली. "मर्ल, पुरे झालं."

"थोडंच राहिलंय," मर्ल म्हणाला.

संघ नऊ-एकनं हरला. माणसं पांगली. करड्या टोपीवाल्यानं वही मिटली, जाळीचं फाटक उघडलं आणि तो सरळ प्लेटकडं चालू लागला. मर्लनं टोपी काढली. हात पँटला पुसून तयार ठेवला.

रॉईस प्लेटवरच बसला होता, उजवं कोपर डाव्या तळव्यात धरून. त्यानं मान वर केली.

"जरा सरक, बेटा," माणूस म्हणाला, आणि त्याला वळसा घालून ऑर्व्हलसमोर हात पुढं केला. "डेंगलर, सहाही पत्रं मिळाली मला तुमची. दोन सामने तुम्ही कॅचरमागं खांबासारखे उभे होतात. मी तुमच्या नावावर काट मारून ठेवली होती. आज बाजूला सरकलात, वाकलात, असाच अंपायर हवाय आम्हाला. पुढच्या हंगामात कॉलेजचे सामने तुमचे. पण एवढं सांगा, हे शिकवलं कुणी?"

ऑर्व्हलनं जाळीपलीकडं टोपी हातात धरून उभ्या असलेल्या मर्लकडं बोट केलं.