सोबती लाल नाही

"कर सही. दोनला शोधनिबंध पाठवायचाय," गोकुळ सर म्हणाले, आणि विद्यापीठातल्या त्या खोलीतला पंखासुद्धा हळू झाला. सरांचा दराराच तसा. ते नुसते खाकरले तरी खुलताबादच्या टेकडीवरच्या शेळ्या चरायच्या थांबतात. खोटं वाटत असेल तर शेळ्यांना विचारा.

आफरीननं पेन खाली ठेवलं. पीएचडीचं चौथं वर्ष, आयुष्यातला पहिला शोधनिबंध, आणि समोर मार्गदर्शक खुद्द सर.

"सर, सोबती लाल नाही."

प्रश्न एका निळ्या, तापलेल्या, वरचं कवच गमावून बसलेल्या ताऱ्याचा होता. त्याच्याभोवती कुणीतरी फिरत होतं, पण दिसत नव्हतं. ताऱ्याचा उजेड दर दोन तासांनी वाढायचा. सरांचं म्हणणं, सोबती थंड लाल तारा आहे. त्याची भाजलेली बाजू दर फेरीत एकदा आपल्याकडं वळते, म्हणून उजेड वाढतो.

"फेरी दोन तासांची नाही, चारची आहे," आफरीन म्हणाली. "काल वर्णपट आले. तारा चार तासांत एकदाच आपल्याकडं येतो, एकदाच लांब जातो. आपण नुसत्या उजेडावरून फेरी धरली."

"मग एका फेरीत उजेड दोनदा कसा वाढेल गं?"

तिनं डबा उघडून उकडलेलं अंडं काढलं. सर पक्के शाकाहारी. खुर्ची हातभर मागं सरकली. तिनं अंडं टेबलावर आडवं ठेवून सावकाश फिरवलं.

"बघा. टोक, मग रुंद कूस. टोक, पुन्हा कूस. निळा तारा सोबत्याच्या ओढीनं असाच लांबट झालाय. कूस दिसली की उजेड वाढतो. सोबती लाल असता तर त्याची भाजलेली बाजू फेरीत एकदाच चमकली असती. हा इवलासा आहे, जड आहे, विझत आलेला आहे. श्वेत बटू."

"तू पाहिलंस त्याला?"

"नाय सर. त्यानं ओढलेला तारा पाहिला."

सरांनी अंड्याकडं इतका वेळ बघितलं की कच्चं असतं तर पिल्लू बाहेर येऊन चालू लागलं असतं. मग ते उठले. कपाटातून त्यांनी स्वतःचा वीस वर्षांपूर्वीचा जाडजूड प्रबंध काढला आणि तिच्यापुढं आपटला.

"यातले सहा सोबती मीच लाल ठरवलेत. फेऱ्या अशाच धरल्यात." त्यांनी बाह्या वर सारल्या. "बस. आधी तुझा निबंध दुरुस्त करू. मग दोघं मिळून माझी अब्रू काढू."