लाल लिलीचं नाव

छावणीतल्या आपल्या नर्सरीत आप्पासाहेबांनी कित्येक वर्षं खपून लाल लिलीचा नवा वाण तयार केला. पहिलं फूल उमललं त्या सकाळी त्यांनी बायकोला, आशाबाईंना, कुंडीपाशी बोलावून घेतलं.

"नोंदणीला नाव द्यायचंय. तुझंच द्यावं म्हणतो."

"आन् उद्या कुणी विकत नेऊन बदललं तर?"

"नाय बदलता येत. नियमच हाय तसा. वाणाला एकदा नाव लागलं की कायमचं. कुणी कुठंबी नेऊन लावू दे, ती त्याच नावानं वळखली जाणार."

आशाबाईंनी हातातली झारी खाली ठेवली. मग हळूच म्हणाल्या, "मग वच्छला ठेवा."

"वच्छला? ही कोण?"

लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं 'आशा' आप्पासाहेबांनीच लिहिलं होतं. त्याच्या आधी नवरीला माहेरी काय म्हणत होते, ते आता त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

आशाबाईंनी खाली ठेवलेली झारी उचलली.

"होती एक, आमच्या माहेरची, पिशोरची," त्या म्हणाल्या. "राहू द्या. आशाच लिहा."