निळा ड्रेस घट्ट झाला

चेन कमरेपर्यंत आली आणि अडली. तिने श्वास रोखला, पोट आत ओढलं, पुन्हा नेट लावला. निळा ड्रेस काही ऐकेना.

“अहो, हाही गेला,” ती आतून म्हणाली.

पुढच्या खोलीतलं मशीन थांबलं. तिचा नवरा शिंपी. दुकान पुढे आणि संसार मागे. गळ्यात टेप अडकवलेला तो दारात आला आणि तिच्याकडे बघून हसला.

“बाळसं धरलंयस. दे इकडे, सैल करून देतो.”

“हिरवाही सैल केला होतात. पुन्हा आवळतोय.”

“कापड आटतं गं धुण्यात. हल्लीचा मालच तसला.”

हिवाळ्यात ती पोटाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळली होती. तेव्हा कपडे अंगावर नुसते लोंबायचे. म्हणून पहिला ड्रेस घट्ट झाला तेव्हा तिला कोण आनंद झाला. आळीत भेटेल त्याला तिने सांगितलं. ते ऐकताना नवऱ्याचे डोळे भरून आले होते. औषधं तोच जाऊन आणायचा, वेळेवर द्यायचा, दुपारी तिला सक्तीने झोपायला लावायचा. असा नवरा मिळायला नशीब लागतं, असं शेजारीण म्हणायची. आणि लगेच चिमटाही काढायची, “शिंप्याची बायको, आणि तिचेच कपडे अंगाला होईनात. दिव्याखाली अंधार तो हाच.”

तीही हसायची. पण मग एकामागून एक सगळेच कपडे आवळायला लागले आणि तिला ताई आठवली.

थोरल्या बहिणीचं असंच झालं होतं. आधी कमरेत कपडे होईनात. सासरमाहेरचे म्हणाले, सुख मानवलं हिला. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं पुढे. पोटात पाणी साठतंय हे कळलं तेव्हा हातात काहीच उरलं नव्हतं.

तिने आपले हात उलटेसुलटे करून पाहिले. अगदी ताईसारखे दिसत होते. दुकानातला उंच आरसा तडकला म्हणून नवऱ्याने माळ्यावर टाकला होता. मोरीतल्या आरशात तोंडच काय ते दिसायचं, आणि गोळ्यांमुळे तेही जरा सुजलेलं. बाकीचं सांगायला कपडे होतेच.

तेव्हापासून तिने जेवण तोडायला सुरुवात केली. आधी रात्रीचं, मग दुपारचंही. नवरा जेवून मशीनवर बसला की ती आपलं ताट मागच्या दाराशी मांजरापुढे रिकामं करायची. मांजर चांगलं गुटगुटीत झालं. नवऱ्याला यातलं काही सांगायची तिला छाती झाली नाही. ताईच्या मागे तिचा नवरा कसा खचला ते तिने पाहिलं होतं. आपल्या माणसाला तो घोर नको, असं तिला मनापासून वाटत होतं.

शेवटी मात्र भीती अनावर झाली. बाजाराला जाते म्हणून ती निघाली आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला एका डॉक्टरीणबाईंकडे जाऊन बसली. आधी सर्दी झालीय म्हणाली, मग गुडघा दुखतो म्हणाली.

“बाई, ताकाला येऊन भांडं लपवू नका,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “खरं काय होतंय?”

“वजन वाढतंय. काही खात नाही, तरी वाढतंय. माझ्या बहिणीचं असंच होऊन पोटात पाणी निघालं होतं. का ते कळलं तर बरं होईल.”

नर्सने तिला काट्यावर उभं केलं. तिने डोळे गच्च मिटून घेतले. आकडा तिला ऐकायचाच नव्हता. डॉक्टरीणबाईंनी तो पाहिला, तिच्याकडे पाहिलं, आणि खाता काय, किती, कधीपासून, एवढंच विचारलं. रक्त घेतलं, पोटाची तपासणी केली.

“रिपोर्ट घ्यायला याल तेव्हा घरच्यांना घेऊन या.”

हे तिने सांगितलं तेव्हा नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“मला न विचारता गेलीस? काट्यावर उभं केलं तुला?”

“केलं. पण मी बघितलं नाही.”

तो जाऊन मशीनवर बसला.

रिपोर्टच्या दिवशी दोघं शेजारी शेजारी बसली. तिने त्याचा हात धरून ठेवला होता.

“पोटात पाणी नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तुमच्या बहिणीला होतं तसलं काहीही नाही. आणि वजन वाढलेलं नाही. असायला हवं त्याच्या जेमतेम निम्मं उरलंय.”

तिला काही समजेना. नवऱ्याने मान खाली घातली.

“शेवटी तेच ना?” त्याने खालच्या मानेनेच विचारलं. “हिवाळ्यात त्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. म्हणाले, औषध लागू पडलं नाही तर ही वाळत जाईल. हिला नका कळू देऊ.”

तिने त्याचा हात घट्ट दाबला. एवढं ओझं त्याने एकट्याने वाहिलं होतं, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

“ते दुखणं आता नाही,” डॉक्टरीणबाई सावकाश म्हणाल्या. “औषध लागू पडलं. तपासण्या स्वच्छ आहेत. तुम्ही ज्याला दुखणं समजताय ती उपासमार आहे. या नुसतं जेवल्या असत्या, तर आज ठणठणीत असत्या. आता हृदय पार थकलंय. आजच दाखल करून घेते, पण वचन देता येणार नाही.”

“पण मी जेवण सोडलं ते कपडे घट्ट व्हायला लागले म्हणून,” ती म्हणाली. मग ती नवऱ्याकडे वळली. “अहो, तुम्ही सांगा ना यांना. तुमच्याच हातचे कपडे. मी वाळत होते, तर ते घट्ट कसे होतील?”

त्याने तिचा हात दोन्ही हातांत घेतला.

“वाळत चाललीस हे तुला कळू नये,” तो म्हणाला, “म्हणून दुपारी तू झोपलीस की मीच शिवणी आत घेत होतो.”