माझ्या वतीनं भांड

“इथून पोर घेऊन बाहेर पडेपर्यंत देवाशी भांडू नकोस गं बाई. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?” कोपऱ्यावालीनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. खिडकीवालीनं ते हसण्यावारी नेलं.

दवाखान्यातल्या त्या खोलीत आयांना नावं नव्हती. पलीकडच्या दालनात जिच्या बाळाची काचेची पेटी जिथं, तेच तिचं नाव. दिवस भरायच्या आधी जन्मलेली, ओंजळभर जिवांची पोरं. त्यांना कुशीत घ्यायची अजून परवानगी नाही. नळीतून थेंब थेंब दूध जायचं, आणि ते आयांनी या खोलीत बसून पंपानं काढायचं. म्हणून खोलीचं नाव गोठा. तेही कोपऱ्यावालीनंच ठेवलेलं. “चला गं म्हशींनो, धारेची वेळ झाली,” म्हणत ती सगळ्यांच्या आधी येऊन बसायची.

आज ती उशिरा आली. पंप चालू राहिले, सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. सकाळी तिचं बाळ गेलं होतं.

ती आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसली. “अशा काय बघताय? छातीचे दगड झालेत. ठणकतंय नुसतं. अंगाला अजून कुणी सांगितलेलं नाही.”

तिच्या हातात बाळाच्या अंगाखालचं फडकं होतं. सिस्टर रोज असं एकेक फडकं प्रत्येकीला आणून द्यायच्या. बाळाचा वास आला की दूध उतरतं म्हणून. तिनं ते नाकाशी धरलं. बाटलीत धार वाजायला लागली.

खिडकीवालीची बाटली मात्र कोरडीच होती. पहाटे तिच्या बाळाचा श्वास अडखळला, तेव्हापासून दूधही जणू घाबरून आत जाऊन बसलं होतं. एरवी या खोलीत तिचाच आवाज. कॉलेजात वादविवादात कुणाला न हरलेली. देवाला सगळं करता येतं, आणि त्याची सगळ्यांवर माया आहे, तर या पोरांच्या नाकात नळ्या कशा? दोन्हींतलं एक तरी खोटं असणार! दाराजवळच्या पेटीवाली म्हणायची, “आपल्याला पुढचं दिसत नाही गं, त्याला दिसतं.” की ही उसळायची, “मला पुढचं नकोच आहे. हे आत्ताचं सांग.” मग कोपऱ्यावाली दोघींना थांबवायची, “अगं, आधी बाटली बघ. सांडतंय.”

“आज गप्प का गं?” कोपऱ्यावालीनं विचारलं.

“काय बोलू ताई?”

“रोज बोलतेस तेच. नळ्यांचं. मायेचं. मीच अडवत होते ना तुला? आता नाही अडवत. मला तुझ्यासारखं मांडता येत नाही. नुसतं रडूच येतं. तू माझ्या वतीनं भांड त्याच्याशी. विचार त्याला, माझ्या पोरीनं अजून डोळेसुद्धा धड उघडले नव्हते. तिचं काय चुकलं?”

खिडकीवालीनं तोंड उघडलं. सगळं तर पाठ होतं. तेवढ्यात भिंतीपलीकडे यंत्राची शिट्टी वाजली. तिचा जीव कानांत गोळा झाला. आपलं, की दुसऱ्या कुणाचं? शिट्टी थांबली. आणि तेवढ्या वेळात तिनं मनातल्या मनात हात जोडले होते, ज्याच्याशी भांडायचं त्याच्याचपुढे. माझं राहू दे. एवढं एक राहू दे. आजवर बोलले ते मनावर घेऊ नकोस.

तिनं तोंड मिटलं.

कोपऱ्यावाली तिच्याकडे बघत होती. रागावली नाही. “असू दे,” ती म्हणाली. “तुझं अजून त्याच्याकडे काम आहे.”

सिस्टर आल्या तशी तिनं भरलेली बाटली पुढे केली. “हिच्या बाळाला द्या.”

“असं थेट नाही देता येत, ताई. तपासून, तापवून, मग ज्याला लागेल त्याला.”

“बरं. मग ज्याला लागेल त्याला.”

फडक्याची घडी करून तिनं पिशवीत टाकली. सिस्टरनी ते परत मागितलं नाही. जाता जाता ती खिडकीवालीच्या खुर्चीपाशी थांबली.

“बाळ हातात मिळेल ना, तेव्हा पोटभर वास घे. माझी मला सकाळी दिली. कुणी घाई केली नाही.”

पुढे खिडकीवालीलाही बाळ मिळालं. उघड्या छातीवर ते पालथं ठेवलं, वर शाल पांघरली, आणि तिनं त्याच्या टाळूवर नाक टेकवलं. तेव्हा अडलेले शब्द सगळेच्या सगळे घशाशी आले. पण जिच्यासाठी भांडायचं, ती कुठं होती? दवाखाना कुणाचा पत्ता देत नाही. नाव विचारायचं तर कधी सुचलंच नव्हतं. गोठ्यात कोपऱ्यातल्या पेटीजवळची नवी आई येऊन बसली होती. तिलाही आता सगळ्या कोपऱ्यावालीच म्हणत होत्या.

आता खिडकीवाली बाळाला खांद्यावर घेऊन जो भेटेल त्याला विचारत असते. जिन्यातल्या शेजारणीला, दुकानदाराला, बसमध्ये शेजारी बसणाऱ्या बाईला. तुम्हालाही तेच विचारतेय. तुमच्या गल्लीत अशी कुणी आहे का, जाताना पोट घेऊन गेली आणि आली ती नुसती एक पिशवी घेऊन? असेल तर जरा डोकावून या. जेवली का, विचारा. बोलायला लागलीच, तर ‘त्याची मर्जी’ म्हणून तिला गप्प करू नका. बसा थोडा वेळ.

दूध इतक्यात थांबत नाही.