ब तुकडी

देवगाव रंगारीच्या शाळेतली कायमची नोकरी सोडून करुणा शहरातल्या कॉलेजात शिकवायला आली, ती सरकारी अंदाजाच्या भरवशावर. यंदा प्रवेश दुप्पट होणार म्हणून कॉलेजनं नवी ब तुकडी काढली होती. पहिल्या दिवशी घंटा होऊन गेली तरी वर्गात चिटपाखरू नव्हतं. मुठीतला खडू घामानं भिजला. शिपाई कडुबामामा कुलूप घेऊन आले. "मॅडम, अंदाज काढणाऱ्यांनी आपला जिल्हा दोनदा मोजला. एकदा औरंगाबाद म्हणून, एकदा संभाजीनगर म्हणून. पोरं तेवढीच हायेत, समदी अ तुकडीत बसलीत. ही खोली बंद करायला सांगितलंय." तेवढ्यात सोयगावच्या एसटीनं उशिरा आलेली एक मुलगी दारात थबकली. "अ तुकडी हीच का मॅडम?" मामांनी कुलूप हळूच खिशात टाकलं. "हीच," म्हणत करुणा फळ्याकडं वळली. ओला खडू उमटेना.