घरून गेलेलं उत्तर

"माझ्या मागे नंबर असलेल्या मुलीला प्रवेश मिळतो आणि मला नाही, असं कसं?" शलाका फोनवर जवळजवळ ओरडलीच. सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रतीक्षा यादीत तिचं नाव सर्वांत वर होतं. जागा रिकामी झाली की घरच्या मोबाईलवर फोन येणार होता. त्या फोनची वाट बघण्यात तिचा सगळा महिना गेला होता.

"आम्ही सोमवारीच फोन केला होता," पलीकडचे कारकून म्हणाले. "मुलीला यायचं नाही, असं तुमच्या घरून सांगितलं. मग जागा पुढच्या मुलीला दिली. आता काही होणार नाही."

शलाका तडक जेवायला बसलेल्या वडिलांसमोर जाऊन उभी राहिली. रागानं तिचा आवाज फाटला होता.

"मुलीनं गाई-म्हशींची डॉक्टर कशाला व्हायचं, असं तुम्ही पहिल्यापासून म्हणत होतात. केलंत ना शेवटी मनासारखं?"

"मी काय केलं?" बाबांच्या हातातला घास तसाच राहिला. ते खरोखरच गोंधळले होते.

"त्यांना बोलू नकोस," पोळी वाढायला आलेली आई म्हणाली. "फोन मी घेतला होता. तू गेलीस की या घरात माझ्याशी बोलायला कोण उरणार होतं?"

बाबांशी भांडायची शलाकाला सवय होती. आईशी ती कधी भांडलीच नव्हती. हीच आई वर्षभर पहाटे उठून तिला अभ्यासासाठी चहा करून देत होती.

"आता मी इथेच आहे," शलाका शेवटी म्हणाली. "पण तुझ्याशी बोलणार नाही."