बाईंच्या फ्रिजची तब्येत

“पाच दिवस,” दुकानाच्या मालकाची मुलगी म्हणाली आणि तिने नव्या मशीनचं बटण दाबलं. मशीनने एक लेबल बाहेर काढलं. त्यावर हॅम कापल्याची तारीख होती आणि खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: फ्रिजमध्ये ठेवा, पाच दिवसांत संपवा.

काउंटरवर हॅम कापणाऱ्या पातळरावांनी ते लेबल दोनदा वाचलं.

त्यांचं खरं नाव वेगळं होतं. पण हॅमचे काप ते इतके पातळ काढायचे की त्यांतून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता यावं, म्हणून हे नाव पडलं. खरं नाव फक्त बायको वापरायची, आणि ती गेल्यापासून ते तसंच पडून होतं.

“पाच जरा जास्त होतात गं. दोन टाकूया.”

“काका, कापलेलं हॅम तीन ते पाच दिवस टिकतं. सगळे हेच सांगतात. तुम्ही दोन कुठून काढलेत?”

कुठून काढले ते पातळरावांना चांगलं आठवत होतं. अकरा वर्षांपूर्वी शेजारी टायपिंगचा क्लास होता. भिंतीपलीकडून टकटक यायची, अलीकडे ते हाताने चाक फिरवत काप काढायचे, आणि एक वाजला की दोन्ही आवाज एकदम थांबायचे. अशाच एका दुपारी क्लासच्या बाई काउंटरवर आल्या. म्हणाल्या, “सहा काप द्या. फ्रिजमध्ये किती दिवस टिकतील?”

पातळरावांच्या ओठांवर पाच आलं होतं. तेवढ्यात बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून त्यांच्याकडे पाहिलं, आणि तोंडातून दोन निघालं.

तेव्हापासून बाई दर दोन दिवसांनी येत होत्या. क्लास बंद पडला, तिथे चपलांचं दुकान आलं, तरी येत होत्या. काप सहा, प्रश्न तोच, उत्तर तेच. मग हळूहळू फ्रिजचा विषय वाढत गेला.

“दारात ठेवू नका हं, बाई. खालच्या कप्प्यात, अगदी मागे.”

“मागे बर्फ साठतो हो त्याच्या.”

पुढे पुढे पातळरावच आधी विचारायला लागले, “फ्रिज कसा आहे?” बाई सांगायच्या. आज बरा आहे. आज घोरतोय. दिवा गेलाय, चाचपडून काढावं लागतं. मागच्या उन्हाळ्यात तो गळायला लागला, तेव्हा पातळरावांना दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. तो फ्रिज त्यांनी कधी पाहिला नव्हता, पण सख्ख्या मेव्हण्यापेक्षा त्याची माहिती त्यांना जास्त होती.

आणि आता हे लेबल. बाई शिकलेल्या. वाचणारच. मग दोन दिवसांचे पाच होणार, आणि खोटारड्या माणसाकडे पाच दिवसांनी तरी कोण येतं?

“काका, मागचा जुना फ्रिज भंगारात देऊ?” मुलीने विचारलं.

पातळराव एकदम ताठ झाले. “नको. मला दे.”

साडेअकराला बाई आल्या. “पातळराव, सहा काप. टिकतील ना फ्रिजमध्ये?”

पातळरावांनी काप काढले, कागदात बांधले, वर लेबल चिकटवलं आणि त्यावर अंगठा दाबून धरला. मग अंगठा उचलला.

“बाई, मी अकरा वर्षं खोटं बोललो.”

बाईंनी लेबल वाचलं. “पाच?”

“पाच. तुम्हाला अडीचपट चकरा मारायला लावल्या मी. तुम्ही लवकर यावं म्हणून.”

मालकाची मुलगी मागे एक स्वच्छ सुरी पुन्हा पुसायला लागली.

“आता पाच दिवसांनी या,” पातळराव म्हणाले. “नाही आलात तरी माझं काही म्हणणं नाही.”

बाई लेबल परत वाचू लागल्या. पातळराव बोलतच सुटले.

“भरपाई म्हणून दुकानाचा हा जुना फ्रिज तुम्हाला. एकदम ठणठणीत आहे. हातगाडी सांगून ठेवलीय. सकाळी चार माणसं घेऊन येतो, तुमचा तो घोरणारा खाली उतरवतो आणि त्याच्या जागी हा लावून देतो. नाही म्हणू नका. मला खरंच काळजी वाटते हो त्याची.”

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाल्या होत्या.

“चार माणसं नका आणू,” त्या म्हणाल्या. “उतरवायला काही नाही. माझ्याकडे फ्रिज कधी नव्हताच.”